गुलाम-दश्शी विरुद्ध एक्का-राजा

सॅन अँजेलो, टेक्सास
शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९९४

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र आणि पीचच्या मुरंब्याची बाटली, दोन्ही धड पोचलं. बाटलीला तू इतके मोजे गुंडाळले होतेस की उघडेपर्यंत माझी कॉफी गार झाली. त्यातले लोकरीचे मोजे मला बरोबर बसले, तेव्हा ते आता माझे. तुझा गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढताना कठडा धरत जा. तिथे कोणी तुझ्याकडे बघत नसतं, सगळ्यांना आपापले गुडघे आहेत.

इकडे मी मजेत आहे. कोंबड्या अंडी घालतायत. वाऱ्याने मात्र वैताग आणलाय. परवा वाळत घातलेली चादर शेजाऱ्यांच्या कुंपणावरून सोडवून आणली, आणि वर त्यांनीच मला विचारलं, ही कोणाची?

पुढच्या महिन्यात मला जरा डॅलसला जायचं आहे. लहानसंच काम आहे. एक-दोन आठवडे लागतील. तेवढे दिवस तू अमरिलोहून येऊन माझ्या कोंबड्या सांभाळशील का? तांबडी चोच मारते, पण मनाने वाईट नाही.

आता तू चष्मा पुसून विचारशील, नेल्डा, डॅलसला तुझं कसलं काम? सांगते. पण आधी हे ऐक, की मी हे पत्र घरी बसून लिहीत नाहीये. मी दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. मी धडधाकट आहे, घाबरू नकोस. आत आपला भाऊ आहे, डब. रक्त धुण्याच्या मशीनला जोडलेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला इथे आणते आणि संपलं की घरी सोडते.

झालं, काढलं त्याचं नाव. पपांच्या अंत्यविधीच्या दिवशी जेवणं चालू असताना डब मागच्या कोठारात पत्ते वाटत बसला होता, आणि तू जाऊन ते टेबल उलटं केलंस, तेव्हापासून तू मला बजावून ठेवलंयस की पत्रात त्याचं नाव नको आणि पत्त्यांचं तर नकोच. इतकी वर्षं पाळलं की नाही मी? कोंबड्यांवर पानंच्या पानं लिहिली तुला! पण आता मला दोन्ही नावं घ्यावी लागणार आहेत. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

डबच्या दोन्ही किडन्या गेल्या, व्हर्ना. मशीनवर त्याचं हृदय थकत चाललंय. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं की असंच चाललं तर पुढचा उन्हाळा तो बघेल याची त्यांना खात्री नाही. दुसरी किडनी बसवायला हवी. सरकारी रांगेत उभं राहायचं तर रांग लांब आहे, आणि डबला रांगेत उभं राहायची सवय नाही हे तुला माहीत आहेच. म्हणून मी गुपचूप माझं रक्त तपासून घेतलं. भावंडांचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते म्हणे. माझं जुळलं. अगदी तंतोतंत जुळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की याहून चांगलं फक्त जुळ्यांचंच असतं, बाकी कोणाचं नाही. मी तिथेच त्यांना मिठी मारली.

आणि हा गाढव म्हणतो, नको!

"उसन्या चिपांवर मी कधी खेळायला बसलो नाही," म्हणाला, म्हणजे डावात पैशांऐवजी लावतात त्या चकत्यांवर. "बसणाऱ्याला मी माझ्या टेबलावर बसूही दिलं नाही. आता बहिणीचं पोट चिरून घेतलेल्या चिपांवर बसू?"

मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. पाद्रीबुवांना पाठवलं, त्यांच्याशी तो तासभर मासेमारीवर बोलला आणि निघताना त्यांना पिशवीभर मका बांधून दिला. हात टेकले मी. हॉस्पिटलवाले म्हणतात, रोगी नको म्हणाला की संपलं, त्याच्या हो शिवाय आम्ही सुरीला हात लावणार नाही. म्हणजे अडलं होतं ते फक्त त्याच्या तोंडच्या एका हो वर.

तुला एक लिहायचं राहिलं आहे. गुरुवारी दुपारी मी हॉइटच्या पशुखाद्याच्या दुकानात जाते ते कोंबड्यांचे दाणे आणायला, असं तुला वाटतं. दाणे आणतेच. पण मागच्या खोलीत खेळतेही. बस, लिहून टाकलं. फार वाईट खेळत नाही मी.

हे हॉइट म्हणजे डबचे जुने सोबती, तेलाच्या भरभराटीच्या दिवसांत दोघं गावोगावच्या मोटेलांमधून खेळत फिरायचे. आता दुकान चालवतात, ढेरी सुटली आहे. मी त्यांना म्हटलं, "हॉइट, डबच्या तोंडून मला हो काढायचं आहे. एकदा टेबलावर शब्द दिला की तो मोडत नाही. मरेल पण मोडणार नाही. पण खेळून मी त्याला हरवू शकत नाही. मी रांगत होते तेव्हापासून तो माझा चेहरा वाचतोय."

हॉइटनी पोत्यावर बसून दाढी खाजवली. मग म्हणाले, "मग खेळूच नकोस. मधली पानं पडायच्या आधीच सगळं पुढे सार. मग चेहरा नाही, हुशारी नाही. फक्त शक्यता."

आता तुला थोडं समजावून सांगावं लागेल, चर्चमध्ये बोलू नकोस. या खेळात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती त्याची. मग टेबलाच्या मध्यात तीन पानं उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. मग चौथं, मग पाचवं. आपली दोन आणि मधली पाच, त्यांतून ज्याची चांगली पाच जमतील तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला बोली असते, आणि तिथे डबसारखी माणसं समोरच्याची चामडी सोलतात. पण फ्लॉपच्या आधीच दोघांनी सगळं लावून टाकलं, की पुढे करण्यासारखं काहीच उरत नाही. पानं उघडी टाकायची आणि बघत बसायचं.

लोकांना वाटतं मोठी पानं हातात आली की जिंकलंच. तसं नसतं गं. दोन एक्के असले तर गोष्ट वेगळी, शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी वेळा ते तारतात. पण एक्का आणि राजा घे, दिसायला केवढे रुबाबदार! समोर दोन फडतूस दुऱ्या ठेव. शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा दुऱ्या जिंकतात, कारण त्यांची जोडी आधीच जमलेली असते. आता तोच एक्का-राजा एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीसमोर ठेव. एकोणसाठ वेळा एक्का-राजा जिंकतो. मग तुला वाटेल की दुऱ्या सगळ्यांत भारी. पण गुलाम-दश्शी दुऱ्यांसमोर ठेवली की चोपन्नच्या आसपास गुलाम-दश्शी जिंकते! गोल फिरतं सगळं. तिघांतला कोणीच सगळ्यांना भारी नाही. म्हणून जो आधी निवडतो तो फसतो आणि जो नंतर निवडतो त्याचं पारडं जड. हॉइटनी मला हे मक्याच्या पोत्यावर पानं मांडून शिकवलं. मी घरी जाऊन घोकलं.

तर काल गुरुवार. डब आला. तोंड सुजलेलं, पण टोपी झकास. हॉइट होते, नेहमीचे दोघे-तिघे होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "डब, एक डाव. फ्लॉपच्या आधीच सगळं आत. मी जिंकले तर तू माझी किडनी घ्यायचीस, तोंडातून ब्र काढायचा नाही."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर मी हा विषय मेले तरी काढणार नाही. तू खुशाल मर. मी लाल झगा घालून तुझ्या अंत्यविधीला येईन आणि गाईन."

"गाणार?" डब म्हणाला. "मेलेल्या माणसाचा एवढा छळ?"

सगळे हसले. मग त्याने डोळे बारीक केले. "नेल, टेबलाचा नियम माहीत आहे ना? टेबलावर जे आहे तेवढंच पणाला लागतं. खिशातलं नाही, बँकेतलं नाही. तुझी किडनी टेबलावर कुठे आहे?"

झालं, आता सुटलो, असं त्याला वाटलं. व्हर्ना, मी उठले, खुर्ची बाजूला केली आणि जाऊन त्या हिरव्या टेबलावर बूड टेकून बसले! सगळ्या चिपा घरंगळल्या. हॉइटची कॉफी सांडली.

"आता आहे," मी म्हटलं. "आहे की नाही, हॉइट?"

हॉइट म्हणाले, "नियमाप्रमाणे आहे." त्यांचा आवाज फुटत होता हसू दाबून.

डबने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून माझ्या शेजारी ठेवली. "वाट," म्हणाला.

आमचं ठरलं होतं तसं हॉइटनी तीन जोड्या उघड्या मांडल्या, दोघांनी एकेक निवडायची. दोन दुऱ्या. इस्पिक एक्का आणि किलवर राजा. बदामाचा गुलाम आणि बदामाची दश्शी. मी मोठ्या साळसूदपणे म्हटलं, "तू आजारी आहेस, तू आधी उचल." त्याने दुऱ्यांवर बोट ठेवलं, उचललं. एक्का-राजाकडे बघितलं. आणि मग गुलाम-दश्शी ओढून घेतली.

मला वाटलं मी आता टेबलावरून पडणार. तिघांतली मला सगळ्यांत सोयीची! मी एक्का-राजा घेतला. शंभरात एकोणसाठ माझे. हॉइटनी दुऱ्या गड्डीत परत घालून पिसल्या आणि मधली पानं उघडायला घेतली.

चौकट सत्ती, बदाम तिर्री, किलवर दश्शी.

दश्शी! त्याची जोडी जमली. माझी काहीच नाही. माझे एकोणसाठ होते ते पंचवीसवर आले. मग चौथं पान. इस्पिक गुलाम. आता त्याच्या दोन जोड्या, गुलामांची आणि दश्शींची. मला एक्का आला तरी उपयोग नाही, राजा आला तरी नाही. फक्त राणी आली तर एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी अशी ओळ लागणार. गड्डीत चार राण्या. अकरात एक. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल झगा आला, आणि मला हसू नाही आलं. डबने रुमाल काढून तोंड पुसलं. मला वाटलं दमला बिचारा.

हॉइटनी पाचवं पान उलटलं.

चौकट राणी.

मी काय ओरडले मला आठवत नाही. बाहेर गिऱ्हाइकं धावत आली, त्यांना वाटलं साप निघाला. मी टेबलावरून उतरले आणि पोत्यांच्या मधून नाचले, या वयात, आणि त्या बाकीच्यांनाही नाचवलं. डब खुर्चीत बसून हसत होता. इतका हसला की खोकला लागला. मग हात पुढे करून म्हणाला, "हरलो. घे बाई, काप."

व्हर्ना, मी जिंकले! पत्त्यांवर जिंकले, होय, पत्त्यांवर. तू हवं तर एक महिना माझ्यासाठी प्रार्थना कर. पण कोंबड्यांचं कळव.

आत मशीन थांबलं वाटतं, मला हाक मारतायत.

तुझी, पणाला लागूनही अजून अख्खी असलेली बहीण,
नेल्डा


डॅलस
रविवार, १३ नोव्हेंबर १९९४

प्रिय व्हर्ना,

तुझं कार्ड मिळालं. "कोंबड्या सांभाळीन. बाकी विषयांवर मला काही लिहायचं नाही." वाचून मी इतकी हसले की टाके ओढले. इथे हसायला बंदी आहे खरं तर. बरगडीखाली वीतभर चिरलंय मला, शिंक आली तरी देव आठवतो. तांबडीने चोच मारली का? मारली असेल तर तिला सांग, मी येतेय.

कामाचं आधी. चालू झाली गं! टेबलावरच चालू झाली! डॉक्टर सांगत होते की डबच्या पोटात ठेवून रक्त सोडलं, आणि ती फिकट पडलेली माझी किडनी गुलाबी झाली, आणि शिवून व्हायच्या आत लघवी करायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स ती भरलेली पिशवी उंच धरून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, मला दाखवायला. माझ्या आयुष्यात मला कोणी कधी असलं बक्षीस दाखवलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. तोंडाची सूज उतरली त्याची. काल त्याने नर्सशी जेलीवरून भांडण केलं. मशीन नाही, व्हर्ना. सोमवार नाही, बुधवार नाही, शुक्रवार नाही!

काल हॉइट आले होते. एवढी गाडी हाकत आले आणि बरोबर काय आणावं माणसाने? डुकराच्या भाजलेल्या बरगड्या! नर्सने डबा जप्त केला, आणि तासाभराने तिच्या बाहीला मसाला लागलेला मी पाहिला.

हॉइट माझ्याजवळ बसले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "नेल्डा, तीन जोड्यांचा तो डाव तुला शिकवला कोणी?"

"तुम्हीच की."

"आणि मला कोणी शिकवला?"

मी दांडी धरून उठून बसले.

"डबने," हॉइट म्हणाले. "मिडलंडच्या मोटेलात तेलवाल्यांना तो हाच डाव घालायचा. समोरच्याला मोठ्या मानाने सांगायचा, आधी तुम्ही निवडा साहेब. आयुष्यात त्याने कधी पहिला हात घातला नाही. आणि त्या दिवशी तू म्हणालीस आधी उचल, तर मुकाट्याने उचलली. वर तिघांतली सगळ्यांत वाईट."

"मग गाढवा, हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" हो, गाढव म्हटलं मी त्यांना, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला.

"सांगितलं असतं तर तू हा डाव लावला असतास का?" म्हणाले. "आणि गुलाम पडला तेव्हा तू त्याचा चेहरा नाही बघितलास. मी बघितला. जिंकत असलेल्या माणसाचा तसा चेहरा मी कधी पाहिलेला नाही."

हॉइट गेले. मी जेमतेम पाय खाली सोडले, सलाईनची दांडी धरली आणि भिंतीला धरून धरून डबच्या खोलीपर्यंत गेले. दुपारची वेळ होती, तो खिडकीकडे तोंड करून पडला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं. नाही म्हणाला नाही. "बस आधी. चेहरा पांढरा पडलाय तुझा."

"तुला हवी होती! तर मग तोंडाने मागायची की रे! वर्षभर मला का रडवलंस?"

त्याने चादरीची कड दुमडली. "मागायला मला कधी जमलंच नाही, नेल. हरायला जमतं."

मला त्याला मारावंसं वाटलं, पण हात वर जाईना. "आणि माझ्या एकोणसाठच्या जागी तुझे एकेचाळीस आले असते तर?"

"आलेच होते की. चौथं पान पडलं तेव्हा अकरातले दहा माझे होते." मग अगदी हळू म्हणाला, "तेव्हा मी रुमालाआड प्रार्थना केली. व्हर्नाला सांगू नकोस."

सांगू नकोस म्हणाला, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

"काय मागितलंस देवाकडे?" मी विचारलं.

"राणी," म्हणाला. "कुठलीही चालेल म्हटलं."

आम्ही दोघंही हसलो आणि दोघंही कण्हलो, आणि नर्स येऊन आम्हा दोघांनाही ओरडली. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "अमरिलोला थंडी पडली असेल आता. तिच्या घरी जळणाला लाकडं आहेत का कोणास ठाऊक." तिच्या म्हणजे कोणाच्या, ते तो बोलला नाही.

थोरले, ऐक. तो तुला ये म्हणणार नाही. त्याने तुझ्याकडे कितीदा बोलायला तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल, देवाला ठाऊक. त्याला मागता येत नाही, आणि त्याच्यासारखंच तुलाही विचारता येत नाही. या घरात मागायला येतं ते फक्त मला. तर मी मागते. कोंबड्या शेजारच्या बाईंकडे सोड, गुरुवारची बस पकड आणि ये. तिसरा मजला, उजवीकडची दुसरी खोली. आत आलीस की त्याच्यावर ओरड, मनात साठलं असेल तेवढं सगळं ओरड. सोसेल त्याला. त्याच्या पोटात आता माझी आहे.

वाट पाहणारी, आणि यायचं नाही असं उत्तर न स्वीकारणारी,
तुझी नेल्डा